उत्तरकथेचा अधिकार : प्रस्तावना

पावसाळ्यातल्या एका रविवारी चंद्रपुरातील एका वाचनालयाच्या माडीवर वीस-बावीस माणसे ‘भीमायन’ ही बाबासाहेबांच्या जीवनावरची चित्रकथा मध्ये ठेवून बसली होती. प्रती दोनच होत्या, त्या हातोहात फिरत होत्या, आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसामुळे बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता. चर्चा संपत आली तेव्हा एका महाविद्यालयीन तरुणाने विचारले, “सर, ह्याचा पार्ट टू कधी निघणार?” त्याच्या मनात काय होते ते उघडच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन १६ ऑक्टोबरला चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, आले आणि येथील जनसमुदायास त्यांनी दीक्षा दिली, ही गोष्ट ह्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एवढे गाजलेले पुस्तक आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आलेच नाही, ही त्या तरुणाची खरी फिर्याद होती. आम्हांपैकी कोणी काही बोलण्यापूर्वीच खिडकीशी बसलेल्या एक वृद्ध बाई, ज्या त्या दिवशी आईच्या कडेवर बसून दीक्षेच्या मैदानावर गेल्या होत्या, म्हणाल्या, “पुढचं मले मालूम हाय, बाबू. पन ते ह्या पुस्तकात कायले पायजे?”

ह्या दोन वाक्यांच्या भांडणातून प्रस्तुत संग्रह जन्मला. त्या दिवशीचा वाद दिवेलागणीपर्यंत चालला, पुढे तो पत्रांतून चालला, आणि अखेरीस त्याला पुस्तकाचे रूप द्यावे असे ठरले तेव्हा प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले. वादाचा विषय एका ओळीत सांगण्यासारखा आहे: एखादी चित्रकथा पूर्ण झाली, लोकांनी ती डोक्यावर घेतली, जाणत्यांनी तिला मान दिला, तर त्यानंतर तिची उत्तरकथा किंवा पूर्वकथा रचावी काय, आणि रचायची झाल्यास तो अधिकार कोणाचा? चित्रकथा हा शब्द मी येथे व्यापक अर्थाने वापरतो. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक पान पुढे धरून गातात तीही चित्रकथा, आणि आमच्या पिढीने एस. टी. स्टँडवरच्या दुकानांतून घेतलेली रंगीत कॉमिकेही चित्रकथाच. परंतु प्रश्न मुख्यतः छापील, बांधीव, आरंभ आणि अंत असलेल्या चित्रकथेचा आहे. कारण ज्याला अंत आहे त्याच्याच पुढे जाण्याचा प्रश्न उद्भवतो.

प्रश्न नवा आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. आपल्या वाङ्‌मयात तो इतका जुना आहे की त्यासाठी एक स्वतंत्र शब्दच आहे: खिल. महाभारताची अठरा पर्वे संपल्यावर मागून जोडलेला हरिवंश हा त्याचे खिल समजला जातो. रामायणाचे उत्तरकांड वाल्मीकीचे की मागाहून आलेले, ह्यावर पंडितांनी आयुष्ये वेचली आहेत. कालिदासाच्या कुमारसंभवाचे सतरा सर्ग आज छापून मिळतात. पण मल्लिनाथाने टीका लिहिली ती पहिल्या आठांवर, आणि उरलेले नऊ दुसऱ्या कोणाच्या हातचे आहेत असा निर्वाळा बहुतेक रसिकांनी दिला आहे. त्या अनामिक कवीला वाटले असणार की काव्याचे नाव कुमारसंभव, आणि कुमाराचा जन्म तर झालाच नाही. तेव्हा हा अपुरेपणा आपण भरून काढावा. त्याने तो भरून काढला, आणि आज त्याचे सर्ग कोण वाचतो, हे मी वाचकावरच सोपवितो. ह्याच्या उलट बाणभट्टाची कादंबरी त्याच्या मृत्यूने खरोखरच अर्धवट राहिली होती. ती मुलाने पुरी केली आणि त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. पुरे न झालेले पुरे करणे हे एक कर्तव्य आहे, आणि पुरे झालेल्याला पुन्हा अपुरे ठरविणे हे दुसरेच काही आहे, हा भेद आपल्या पूर्वसूरींना चांगला ठाऊक होता.

परंतु ह्या जुन्या दप्तरातील सर्वांत मोलाचा कागद आमच्या पूर्व विदर्भाचा आहे, आणि त्याचा विसर पडावा ह्याचे मला नवल वाटते. भवभूती स्वतःला विदर्भातील पद्मपुराचा म्हणवतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे ठरविले. म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या उत्तर टोकाचेच गाव. ह्या भवभूतीने महावीरचरितात रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत आणून सोडली आणि मग उत्तररामचरित लिहून ती पुढे नेली. त्या उत्तरकथेचा पहिला अंक कसा सुरू होतो ते पाहावे. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवर रंगविलेली चित्रे पाहत उभे आहेत, आणि ती चित्रे त्यांच्याच गतायुष्याची आहेत: विवाह, वनवास, जनस्थान, सगळे क्रमाने. स्वतःचीच चित्रकथा पाहता पाहता सीतेला रडू येते, पुन्हा एकवार अरण्य पाहावे असे डोहाळे तिला होतात, ती रामाच्या बाहूवर डोके टेकून झोपी जाते, आणि नेमक्या त्याच वेळी हेर दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. पूर्वकथेतील सुख चित्रांत बंदिस्त झालेले आहे आणि उत्तरकथा त्या चित्रांच्या समोर उभी राहून सुरू होते! तेराशे वर्षांच्या आसपास झाली तरी उत्तरकथेने मूळ कथेशी कसे वागावे ह्याचे इतके नाजूक उदाहरण दुसरे मला आढळलेले नाही. शिवाय भवभूतीने शेवट वाल्मीकीचा ठेवला नाही. त्याने राम-सीतेची भेट घडवून आणली. पुढे काय झाले हे सांगण्याची त्याला हौस नव्हती. जे झाले ते त्याला सहन होत नव्हते. अशी काही निकड असल्यावाचून उत्तरकथेचा पट उलगडू नये, असे माझे मत आहे, आणि ते मी पुढे लपविणार नाही.

ह्या नागर परंपरेच्या शेजारीच, पण तिच्याहून अगदी निराळ्या न्यायाने चालणारी एक परंपरा ह्या जंगलात नांदत आली आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गाथाकार. आपल्या यजमानाच्या घरी ठराविक काळाने जाऊन, किंगरी किंवा बाना वाजवीत, त्यांनी त्याच्या कुळाची, देवांची आणि राजांची कथा गावी व त्याबद्दल धान्य, वस्त्र, क्वचित जनावर स्वीकारावे, अशी ही वहिवाट होती. पारी कुपार लिंगोने कचारगडच्या गुहेत कोंडलेले देव मोकळे केले ती गाथा त्यांच्याच कंठात टिकली. ह्या गाथेला भाग पहिला, भाग दुसरा असे काही नसते. ती प्रत्येक अंगणात नव्याने पूर्ण होते आणि पुढील अंगणापर्यंत अपुरी होऊन जाते. नागपुरातील मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्याने एका परधानाकडून लिंगोची गाथा उतरवून घेतली आणि हिस्लॉपच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने १८६६ साली ती छापून काढली, तेव्हा प्रथमच ह्या गाथेची एक ‘अस्सल प्रत’ अस्तित्वात आली. छापखान्याने कथेला जे दिले ते स्थैर्य, आणि जे घेतले तेही मोठे होते; कारण छापील पानाच्या पुढे जो गाईल तो आता भर घालणारा ठरू लागला, आणि भर घालणाऱ्याला परवानगी विचारण्याचा रिवाज त्यानंतरचा.

चित्रकथेच्या क्षेत्रात आज जे पंथ दिसतात ते बहुतेक ह्याच दोन न्यायांचे वारसदार आहेत. एक पंथ म्हणतो की कथा ही गाथा आहे. नायक एकदा जन्मला की तो सर्वांचा, आणि गाणारा बदलला तरी गाणे थांबू नये. १९३६ साली ली फॉक ह्यांनी निर्मिलेला वेताळ ह्या पंथाचा आदर्श म्हणावा, कारण बापामागून मुलाने तोच वेष चढवावा हे त्या कथेचे बीजच आहे. फॉक १९९९ साली वारले, वेताळ वारला नाही. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने त्याला भारतीय भाषांत आणले आणि १९९० पर्यंत तो मराठी घरांत येत राहिला. येथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. आमचे बालपण आलापल्लीच्या बाजूला गेले. घरामागे सागवानाचे खरेखुरे जंगल होते आणि आम्ही भाऊ मात्र ओसरीत पालथे पडून डेंकालीच्या खोट्या जंगलात हिंडत असू. रद्दीतून आणलेल्या एका अंकाची शेवटली दोन पाने फाटलेली होती. धाकट्याने आणि मी त्या अंकाचे निदान पाच शेवट रचले, त्यांवरून मारामाऱ्या केल्या, आणि बल्लारपुरास मामांकडे तोच अंक सबंध मिळाला तेव्हा खरा शेवट इतका सामान्य निघाला की धाकट्याने तो मान्य करण्यास साफ नकार दिला. तो अद्यापि त्याच मतावर आहे. वाचक स्वतःच उत्तरकथा रचीत असतो, आणि ती छापील उत्तरकथेहून बहुधा सरस असते, हा एक मुद्दा ह्या संग्रहात दोघा-तिघांनी निरनिराळ्या वाटांनी मांडला आहे. माझा पुरावा एवढाच.

दुसरा पंथ निर्मात्याचा शब्द अखेरचा मानतो. बेल्जमचे एर्जे १९८३ साली वारले त्यापूर्वीच त्यांनी सांगून ठेवले होते की माझ्यामागे टिनटिन दुसऱ्या कोणी काढू नये, आणि त्यांच्या वारसांनी तो शब्द पाळला. शेवटचे पुस्तक कच्च्या आराखड्यांतच राहिले. त्यात टिनटिनला बंदुकीच्या धाकाने नेत आहेत, त्याला रसायनात बुडवून त्याचा पुतळा करावयाचा आहे, आणि तेथेच पेन्सिल थांबते. वारसांनी १९८६ साली ते आराखडे जसेच्या तसे छापले. अमेरिकेतील चार्ल्स शुल्झ ह्यांनी पन्नास वर्षे एकहाती ‘पीनट्स’ काढले. त्यांची अखेरची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली आणि आदल्या रात्री ते निवर्तले. नव्या पट्ट्या काढू नयेत ही त्यांची इच्छाही पाळली गेली. ॲस्टेरिक्सचे मात्र वेगळे झाले. लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेल्यावर चित्रकार उदेर्झो ह्यांनी ती माला एकट्याने चालविली. आपल्याबरोबरच ती संपावी असे ते आधी म्हणत, पुढे मत बदलले, आणि २०१३ पासून दुसऱ्या जोडीने ती हाती घेतली. ही नवी पुस्तके वाईट नाहीत. ती ॲस्टेरिक्ससारखीच आहेत, आणि त्यांविषयी मला ह्याहून अधिक सांगता येत नाही हेच त्यांचे वैगुण्य असावे.

तिसरा पंथ मालकीचा, आणि त्याचा सर्वांत गाजलेला खटला ‘वॉचमेन’चा. ॲलन मूर ह्यांचे लेखन आणि डेव्ह गिबन्स ह्यांची चित्रे, १९८६-८७ ची बारा अंकांची ही कथा, चित्रकथेला प्रौढ वाङ्‌मयाच्या पंक्तीस बसविणाऱ्या दोन-तीन कृतींपैकी एक. तिचा शेवटचा चौकोन ज्याने पाहिला तो विसरत नाही: एका थिल्लर वृत्तपत्राच्या कचेरीतला खुळा उमेदवार, त्याच्या पुढ्यात वाचकांच्या पत्रांचा ढीग, त्या ढिगात एका मृताची रोजनिशी, आणि तिच्यावर कोट्यवधींचे भवितव्य टांगलेले, त्याचा हात ढिगाकडे जातो, आणि पुस्तक संपते. करार असा होता की पुस्तकाची छपाई थांबली की हक्क निर्मात्यांकडे परत यावेत. त्या काळी अशी पुस्तके वर्ष-दोन वर्षांत बंद पडत, तेव्हा सौदा रास्तच दिसला. परंतु पुस्तकाला एवढी मागणी आली की छपाई कधी थांबलीच नाही, आणि हक्कही कधी परतले नाहीत. आमच्याकडच्या मालगुजारीच्या कैफियती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: जमीन पिकली नाही तर कुळाची, पिकली तर मालगुजाराची. २०१२ साली प्रकाशकांनी मूर ह्यांच्या उघड विरोधाला न जुमानता ‘बिफोर वॉचमेन’ ह्या नावाने पात्रांच्या पूर्वकथा काढल्या, आणि २०१७ ते २०१९ मध्ये ‘डूम्सडे क्लॉक’ काढून त्या ढिगातली रोजनिशी उचललीच.

येथे न्याय करताना घाई होऊ नये म्हणून प्रतिपक्षाचेही सांगितले पाहिजे. मूर ह्यांची ती पात्रे चार्लटन कंपनीच्या जुन्या नायकांवरून बेतलेली होती, आणि त्यांनी पुढे ‘लीग ऑफ एक्स्ट्रॉऑर्डिनरी जंटलमेन’ ही जी माला रचली तिची तर बहुतेक मुख्य माणसे एकोणिसाव्या शतकातील परक्या लेखकांकडून उसनी आणलेली. मग इतरांनी त्यांच्या अंगणातून चार माणसे नेली तर बिघडले कोठे, असा सवाल विचारला गेला, आणि तो पोकळ नाही. त्याहून अडचणीचा दाखला २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेचा. तीही ‘वॉचमेन’चीच उत्तरकथा, तीही मूर ह्यांच्या इच्छेविरुद्ध, परंतु ती आरंभ करते १९२१ साली टल्सा शहरात झालेल्या कृष्णवर्णीयांच्या कत्तलीपासून, ज्या घटनेचा मूळ पुस्तकात मागमूस नाही. पूर्वकथांनी मूळ कथेतील अंधाऱ्या कोपऱ्यांत दिवे नेऊन ठेवले आणि तेथे काही नव्हते असे सिद्ध केले. ह्या मालिकेने स्वतःची जखम आणली आणि ती सांगण्यासाठी जुना मुखवटा मागून घेतला. हक्काच्या कागदावर दोन्ही गुन्हे सारखेच. रसिकाच्या दरबारात ते सारखे नाहीत, आणि ह्या संग्रहातील दोन लेखकांचे ह्यावरून इतके बिनसले आहे की त्यांचे लेख लागोपाठ न छापण्याची दक्षता घ्यावी लागली.

मराठीत ह्या चर्चेला चित्रकथांचा आधार तोकडा पडतो, हे कबूल करावे लागते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांचा ‘चिंटू’ १९९१ साली आला; पण तो रोज सकाळी नव्याने सुरू होणारा मुलगा, त्याला उत्तरकथा कशी असणार? म्हणून आमच्या लेखकांना शेजारच्या प्रांतांत जावे लागले. विलास मनोहर ह्यांच्या ‘नेगल’ला दुसरा भाग निघाला तेव्हा कोणी वाद केला नाही, कारण हेमलकशाच्या अंगणातले प्राणी खरोखर वाढत होते आणि खरोखर मरत होते, घडलेल्या गोष्टीला पुढचा भाग असतोच. रंगभूमीवरील दाखला अधिक खोल आहे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली आले. धरणगावकर देशपांड्यांचा पडका वाडा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर एवढ्यावर ते नाटक स्वयंपूर्ण होते, आणि ते संपले त्यापुढे काही हवे असे प्रेक्षकाला वाटण्याचे कारण नव्हते. तरी नाटककाराने ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिली, आणि १९९४ मध्ये तिन्ही नाटके सलग उभी राहिली तेव्हा पहिल्याचा अर्थच पालटला: जो आपल्याला अंत वाटला होता तो उतरणीचा पहिला टप्पा होता. अशी उत्तरकथा मूळ कथेला धक्का लावते, तिला सुखासुखी पूर्वीसारखी राहू देत नाही, आणि म्हणूनच ती रचण्याचे धाडस बहुधा मूळ हातालाच शोभते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा व्यवहार ह्याहून साधा आहे. धान कापून झाले, मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की गावोगावची माणसे वडशाला जाऊन नाटके ठरवितात, आणि रात्रभर, थंडीत, पडदा पडेपर्यंत बसतात. एका मोसमात जे नाटक गाजते त्याच्या लेखकाकडे पुढील मोसमासाठी मागणे येते ते असे: तसेच हवे, पण नवे हवे. ह्या पाच शब्दांत जगातील सर्व उत्तरकथांचे अर्थशास्त्र आले असे मी म्हणेन. झाडीपट्टीच्या लेखकाची शहाणीव ही की तो पात्रांची नावे बदलून नवेच नाटक लिहितो.

आज ह्या विषयाला हात घालण्याची गरज कोणती, असे कोणी विचारील. पहिले कारण बाजाराचे: चित्रपट आणि मालिका ह्यांना ओळखीची नावे हवी असतात, आणि गाजलेली चित्रकथा म्हणजे आयती ओळख. दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि त्याकडे मराठी वाचकाचे फारसे लक्ष नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व टिकते, आणि त्याच कायद्याचे ५७ वे कलम हक्क विकून टाकलेल्या लेखकालाही कृतीच्या विकृतीविरुद्ध दाद मागू देते. पण उत्तरकथा ही विकृती होय की नव्हे, हा मुद्दा मोठा घोटाळ्याचा आहे, आणि संग्रहातील वकील-लेखकाने तो सोप्या भाषेत उलगडला आहे. तिसरे कारण अगदी अलीकडचे. मेलेल्या चित्रकाराच्या हजार पानांवरून यंत्राला त्याची रेषा शिकविता येते, आणि त्या रेषेत हवी तितकी नवी पाने काढून घेता येतात. म्हणजे आजवर निदान दुसरा एखादा कलावंत शोधावा लागत असे आणि त्याचा हात कधी नकार देई, तोही अडसर उरला नाही. परधान चित्रकलेच्या बाबतीत ह्याचा विचार होणे तर फारच अगत्याचे आहे. पाटनगढचे जनगढसिंह श्याम ह्यांनी भिंतीवरची कला कागदावर आणली. २००१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या आप्तस्वकीयांनी ती पुढे नेली, परंतु प्रत्येकाने स्वतःचा ठिपका, स्वतःची रेघ निराळी ठेवली. तेथे हाताची सही म्हणजे पोत. गाथा सर्वांची, पोत ज्याचा त्याचा. गाथेचा आणि ग्रंथाचा न्याय एकत्र नांदवण्याची ही तोड कोणत्याही कायदेपंडिताने काढलेली नाही.

ह्या वाटेने आपण पुन्हा ‘भीमायन’पाशी येतो, आणि येथे मला थोडे थांबावयाचे आहे. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलेल्या ह्या पुस्तकाचे शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद ह्यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान दांपत्याची. कथा आजच्या एका बसथांब्यावर सुरू होते, तेथे नोकऱ्यांतील आरक्षणावरून कुरकुरणाऱ्या एकाला दुसरी व्यक्ती बाबासाहेबांचे अनुभव सांगू लागते; आणि मग पाणी, निवारा, प्रवास ह्या तीन गोष्टींपायी एका माणसाला काय सोसावे लागले ते उलगडते. चित्रकारांनी चौकटी काढण्यास नकार दिला, कारण माणसांना डब्यांत कोंडणे त्यांना रुचेना. पानभर दिग्ना ही परधानांची पारंपरिक नक्षी वळसे घेते आणि तीच कथेचे भाग पाडते. गोड बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात लिहिलेले आहेत, विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे, आणि मनातल्या मनात बोलणाऱ्याच्या शब्दांशेजारी एक डोळा काढला आहे. मी हे पुस्तक प्रथम पाहिले तेव्हा शब्द न वाचता केवळ नांग्या मोजीत गेलो होतो. त्या किती पानांवर आहेत हे सांगून वाचकाचा शोध मी हिरावून घेणार नाही.

ह्या पुस्तकाला उत्तरकथा हवी काय? तरुणाची मागणी मला कळते, आणि तिच्यामागचा अभिमान मला प्रिय आहे. चांद्याची दीक्षा हा नागपूरच्या सोहळ्याचा पुरवणी-कार्यक्रम होता, अशा थाटात ती पुष्कळदा दोन ओळींत उरकली जाते. तो सोहळा उभा करणारे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांचे सहकारी, दोन दिवस चालत, बैलगाड्यांनी, मिळेल त्या वाहनाने आलेली खेड्यापाड्यांतली माणसे, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, आलेली बाबासाहेबांच्या निधनाची बातमी, हे सर्व चित्रांत यावे असेच आहे. परंतु ‘भीमायन’ ज्या गोष्टीचे पुस्तक आहे ती गोष्ट त्यात पुरी झालेली आहे. ते एका माणसाला नाकारलेल्या पाण्याचे पुस्तक आहे. चांद्याची कथा नाकारणाऱ्यांची नाही, ती येणाऱ्यांची आहे, आणि तिचा नायकही एक माणूस नाही. तिला भाग दुसरा म्हटले की ती पुन्हा एकदा पुरवणी होते. जे गाऱ्हाणे घेऊन आपण निघालो तेच आपल्या हाताने कायम करतो. खिडकीशी बसलेल्या बाईंना हे सांगावयाचे होते असे मी समजतो, जरी त्यांनी ते माझ्याहून पुष्कळ थोडक्यात सांगितले.

प्रस्तुत संग्रह एका मताचा नाही. यात शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, एक वकील आणि दोन चित्रकार आहेत, आणि एका परधान गायकाचे कथन जसे बोलले गेले तसे उतरवून घेतलेले आहे, ज्यात त्याने ‘शेवट’ ह्या शब्दाचा अर्थ लेखनिकाला तीनदा विचारला. काही लेख पल्लेदार आहेत, काही अगदीच कच्चे. जपानी चित्रकथांचा प्रचंड प्रांत आम्हांला जवळजवळ अस्पर्शितच ठेवावा लागला, कारण त्यावर लिहू शकणारी मुले अजून परीक्षांत गुंतलेली आहेत. ज्याला ह्या विषयाची पूर्वओळख नाही त्याने प्रारंभी परधान गायकाचे कथन वाचावे आणि मग हवे तेथे वळावे. ज्याला आहे त्याने आधी ज्यांच्याशी त्याचे पटणार नाही असे लेख शोधावेत, ते त्याला हमखास सापडतील.

आमच्या ह्या भागात अजूनही अशी घरे आहेत जेथे १६ ऑक्टोबर १९५६ च्या प्रवासाची हकीकत कोणाच्या तरी तोंडी आहे, एखादा पिवळा पडलेला फोटो पेटीच्या तळाशी आहे. त्या घरांतील मुलांपैकी ज्याच्या हाती पेन्सिल आहे त्याने ती हकीकत आजी-आजोबांपाशी बसून उतरवून घ्यावी आणि स्वतःच्या रेषेत काढावी. ते पुस्तक निघेल तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर ‘भाग दुसरा’ असे छापू नये, एवढी माझी विनंती आहे.